ओलावा मोजणारं विमान

पद्मजाला कुरडयांचा डबा सापडत नव्हता. कुरडया मात्र सापडल्या. दिवाणाखाली जुन्या वर्तमानपत्रावर त्या व्यवस्थित पसरलेल्या होत्या.

"अहो, डब्यातल्या कुरडया खाली कायले पसरल्या तुम्ही?"

"हवा लागावी म्हणून," नीळकंठराव आतल्या खोलीतून म्हणाले. त्या खोलीतून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता.

पद्मजा आत गेली. तिच्या डब्याच्या झाकणाला चौकोनी भोक पडलं होतं, त्यात मोटारीत बसवतात तसला टीव्हीचा छोटा पडदा बसवला होता आणि बाजूला दारावरच्या घंटीची चार बटणं होती. समोर नीळकंठराव हातात डाग द्यायची तापलेली कावी धरून सर्किटच्या एका हिरव्या पट्टीला डाग देत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी एकाग्रता तिने लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

नीळकंठराव पांढरीपांडे बाभुळगावच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. बारा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, त्यांनी यवतमाळहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. विमान उडवायचं आणि फुगे फोडायचे, एवढाच तो खेळ. पण लग्नानंतर टीव्ही पद्मजाच्या मालिकांकडे गेला, आणि विमान माळ्यावर. आता चाळिशी उलटल्यावर त्यांनी ठरवलं, की ज्याला टीव्ही लागणार नाही, कुठेही नेता येईल, असा त्याच विमानाचा गेम स्वतःच बनवायचा. मूळ कल्पना खिशात मावेल अशी होती. मग पडदा आला, पडद्याला बॅटरी हवी म्हणून इमर्जन्सी लाइटची बॅटरी आली, आणि खिशाचा डबा झाला. वजन पक्कं तीन किलो. तरी कुठेही नेता येत होता, गळ्यात पिशवी अडकवून थोडं उजवीकडे कलून चाललं म्हणजे झालं.

"घरात हे दिसलं तर मी बंबात टाकीन," पद्मजाने सांगितलं. म्हणून डबा कचेरीत गेला.

ती वर्षं कापसाच्या संकटाची होती. भाव पडला होता, बोंडं किडली होती, आणि जिल्ह्यात कापसापेक्षा समित्यांचं पीक जोमात होतं. एक पाहणी समिती येई, एक अभ्यास समिती येई, मग आधीच्या दोघींनी काय पाहिलं ते पाहायला तिसरी येई. त्या गुरुवारी दिल्लीची समिती कापूस खरेदी केंद्रावर अकरा वाजता येणार होती, म्हणजे तीनच्या आत येणार नव्हती. नीळकंठरावांना नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं. त्यांनी डबा टेबलाखाली मांडीवर घेतला आणि विमान सुरू केलं.

केंद्राबाहेर कापसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर तीन दिवसांपासून उभे होते. सगळ्यांत पुढे पुंडलिकराव होते, महागावकडून येऊन लेकीच्या गावी स्थायिक झालेले, बोलायला तिखट. त्यांचा कापूस प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने दोनदा परत केला होता. कारण एकच, ओलावा बारा टक्के. आठच्या वर घेत नव्हते.

"तीन दिस उन्हात उभा हाय तो कापूस," पुंडलिकराव ग्रेडरला म्हणाले होते. "मी वायून खारीक झालो, न कापूस ओलाच कसा राह्यला?" ग्रेडरने वहीत पुन्हा बारा लिहिलं. उत्तर देणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

समिती साडेतीनला आली. अध्यक्ष गाडीतून उतरले आणि त्यांनी तालुक्याचे साहेब हिरासिंग आडे यांना पहिलाच प्रश्न विचारला, "आपके यहाँ नया क्या हुआ है? कोई इनोव्हेशन?"

आडेसाहेबांना घाम फुटला. नवं काहीच झालं नव्हतं, जुनंही होत नव्हतं. नेमकं त्याच क्षणी टेबलाखालून 'टूँ टूँ टिडिंग' असा आवाज आला. नीळकंठरावांचा फुगा फुटला होता.

"वो क्या है?" अध्यक्ष वाकले.

नीळकंठराव डबा घेऊन उभे राहिले. खरं सांगावं की निलंबित व्हावं, याचा विचार ते करत होते. दोन्हींत फरक नाही हे नंतर लक्षात आलं. पण आडेसाहेब आधी बोलले.

"सर, ये कापूस का ओलावा... मतलब नमी मापने का यंत्र है. हमारे ऑफिस ने बनाया. ये पांढरीपांडे, हमारे संशोधक."

अध्यक्षांचे डोळे चमकले. "वाह! दिखाइए."

आडेसाहेबांनी डब्याच्या मागून लोंबणारी दोन वायरींची टोकं धरली आणि थेट पुंडलिकरावांच्या कापसात खुपसली. त्या वायरी चार्जिंगच्या होत्या. पडद्यावर विमान उडू लागलं, कोपऱ्यात शून्य दिसू लागलं. फुगा फुटला की आकडा एकाने वाढणार होता. समिती भोवती गोळा झाली.

"ये तीन छोटे जहाज?" अध्यक्षांनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. खेळाडूला मिळणारी ती तीन विमानं होती.

"तीन नमुने, सर," आडेसाहेब म्हणाले. आज त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

पुंडलिकराव नीळकंठरावांच्या कानाशी आले. त्यांचा स्वतःचा नातू घरी हाच खेळ खेळत असे. "भाऊ, आता तुमच्या हातात हाय," ते पुटपुटले. "आठच्या वर जाऊ देऊ नका."

आजवर नीळकंठराव आकडा वाढवण्यासाठी झटले होते. आता पहिल्यांदाच त्यांना तो रोखायचा होता, आणि पाहणारे नऊ अधिकारी होते. पाच, सहा, सात. बोट घामाने बटणावरून घसरत होतं. आठ झाले. त्यांनी श्वास रोखून विमान सरळ डोंगरावर घातलं. एक गेलं. दुसरंही घातलं. तिसरं घालताना समोर एक फुगा आडवा आला, तो चुकवताना त्यांनी स्वतःही मान खाली घातली. विमान कोसळलं, रडकं संगीत वाजलं आणि पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'गेम ओव्हर' आलं.

अध्यक्षांनी ते वाचलं.

"यानी जाँच पूरी हुई, सर," आडेसाहेब म्हणाले. "आठ टक्का."

"बहुत सरल भाषा में रखा है," अध्यक्ष समाधानाने म्हणाले, आणि ग्रेडरकडे वळले. "आपकी मशीन बारह कैसे बताती है?"

ग्रेडरने आपल्या यंत्राकडे असं पाहिलं, जणू ते त्याला आजच भेटलं होतं. पुंडलिकरावांचा कापूस घेतला गेला.

मग जे व्हायचं तेच झालं. सगळ्या गाड्या नीळकंठरावांच्या टेबलाकडे वळल्या. "आमचाही मोजा, भाऊ!" नीळकंठराव मोजत राहिले. भीमसिंगचा सात, शंकरसिंगचा आठ. अंगठ्याला फोड आला. समिती चहा पीत वही भरत होती. कौसल्याबाईच्या गाडीला त्यांचा हात चुकला आणि दोन फुगे एकदम फुटले. नऊ.

"माहा नऊ काहून?" कौसल्याबाई कडाडली. "पुन्हा खेळा नं, भाऊ! नीट खेळा!"

'खेळा' हा शब्द ऐकताच नीळकंठरावांनी पडदा तळहाताने झाकला. आडेसाहेबांनी डोळे मिटले. पण अध्यक्षांना मराठी येत नव्हतं. रांगेतल्या कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. रांग अगदी सरकारी गांभीर्याने उभी होती. तेव्हा नीळकंठरावांना उमगलं, की केंद्रावर हे यंत्र काय आहे ते ठाऊक नव्हतं फक्त चहा पिणाऱ्यांना. ते पुन्हा खेळले. नीट खेळले. आठ.

सव्वीस गाड्या झाल्या आणि बॅटरी संपली. उरलेल्यांचं ग्रेडरने भराभर स्वतःच आठ लिहून टाकलं, कारण साहेब अजून गेले नव्हते.

जाताना अध्यक्षांनी डबा मागून घेतला. "दिल्ली में अध्ययन करेंगे." कुरडयांच्या डब्याला लाखेची मोहर लागली आणि तो लाल दिव्याच्या गाडीतून गेला. नीळकंठराव गाडीमागे दहा पावलं चालले. सवयीने थोडे उजवीकडे कलूनच.

दुसऱ्या दिवशी ते आडेसाहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, मले लेखी कबुली द्यायची हाय. तो गेम होता."

"पांढरीपांडे, मले आंधळा समजून राह्यले का?" आडेसाहेब फाइलमधून मान न काढता म्हणाले. "लेखी काही द्यायचं नाई. लेखी दिलं की चौकशी समिती येते. तिले काय दाखवू, मिक्सर?"

पंधरा दिवसांत परिपत्रक आलं, की जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांसाठी असं एकेक यंत्र तयार करण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. नीळकंठरावांची झोप उडाली. कचेरीत लोक त्यांना संशोधक म्हणू लागले. मुकुटबनहून एक गृहस्थ तर मातीचा ओलावा मोजून घ्यायला कुंडी घेऊन आले. आता दिल्लीत कुणीतरी शहाणा माणूस डबा उघडेल आणि आपली नोकरी जाईल, या धास्तीने ते रोज टपाल पाहत.

तीन महिन्यांनी पत्र आलं. पाकिटावर 'गोपनीय' लिहिलं होतं. आडेसाहेबांनी दार लावलं, नीळकंठरावांना समोर बसवलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. नीळकंठरावांनी खुर्चीचा हात धरला.

पत्राचा मजकूर असा होता, की सदर उपकरणाची तपासणी अध्यक्षांनी इतर कामे बाजूला ठेवून स्वतः सलग सात आठवडे केली आहे. उपकरण उत्तम आहे. तथापि चौथ्या टप्प्यावर दोन डोंगरांमधून जाताना विमान वारंवार पडते, त्यामुळे तपासणी पुढे जाऊ शकलेली नाही. याबाबत निर्मात्याने तातडीने मार्गदर्शन करावे. तसेच उपाध्यक्षही तपासणीस उत्सुक असल्याने बटणांचा दुसरा संच पाठवावा.

आडेसाहेबांनी पत्र खाली ठेवलं. "काय उत्तर देऊ?"

नीळकंठरावांनी पत्र उचलून चौथ्या टप्प्याची ओळ पुन्हा वाचली. नोकरी वाचली होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. स्वतः ते बारा वर्षांत तिसऱ्या टप्प्याच्या पुढे कधी गेलेच नव्हते.

"लिहा साहेब," ते उसासा टाकून म्हणाले, "चौथ्या टप्प्याची माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. आपल्याकडे उपलब्ध झाल्यास आम्हास कळवावी."