फेसासकट एक पेला

"फेस म्हणजे हवा, सुधा. हवा मोजून कुणी केक करतं का?" असं म्हणत प्रल्हाद मास्तरांनी मुलाने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि बायकोच्या हातातला पेला काढून घेतला.

बोर्डीच्या महिला मंडळाची केक स्पर्धा त्याच दुपारी होती. पहिला नंबर दरवर्षी शेजारची सुषमा पळवायची आणि वर वर्षभर सुधाताईंना केक कसा करावा ते शिकवायची. यंदा तिचं तोंड बंद करायचंच, म्हणून सुधाताईंनी ठेवणीतला पदार्थ काढला होता: ताडीने फुगवलेला रव्याचा केक. सासूबाईंनी शिकवलेलं माप एकच, फेसासकट एक पेला ताजी ताडी.

"अहो, माझं माप मोडू नका. आज माझी अब्रू आहे त्यात."

"तू आंघोळीला जा. दूध, तेल, ताडी सगळं ग्रॅममध्ये काढून ठेवतो. जन्मभर घनता शिकवलीय मी."

"शिकवलीत हो. कुणाला आली का?"

हा प्रश्न मास्तरांनी अभ्यासक्रमाबाहेरचा मानला.

पेल्यात पाणी मावतं दोनशे ग्रॅम. तेल हलकं, म्हणून त्यांनी सोळा ग्रॅम कमी धरलं आणि स्वतःवरच खूश झाले. ताडी म्हणजे तरी काय, जरा नादाला लागलेलं पाणीच! तीही दोनशे ग्रॅम. पण फेसाळलेला पेला काट्यावर ठेवला, तर ताडी भरली जेमतेम ऐंशी.

"त्या लडक्या ताडीवाल्याने ताडीत हवेची भेसळ केली!" मास्तर कडाडले आणि पेला पातेल्यात उपडा करून काटा दोनशे दाखवीपर्यंत बाटली ओतत राहिले. सगळं रव्यात कालवून, वर ताट झाकून, ते वर्तमानपत्र घेऊन झोपाळ्यावर बसले.

पीठ आधी ताटाला लागलं. मग ताट उचललं गेलं. ताटावर मांजर झोपलं होतं, ते जागं झालं तेव्हा फडताळातल्या लोणच्याच्या बरणीशी नाकाला नाक लावून होतं. सुधाताई न्हाणीतून आल्या तेव्हा पीठ ओटा उतरून त्यांनाच बोलवायला निघालं होतं.

"किती ओतलीत?"

"शास्त्रानुसार."

"शास्त्राला म्हणावं, आता हे भर ओव्हनमध्ये!"

ओव्हनमध्ये डबा गेला, पण पिठाने दारच लावू दिलं नाही. स्पर्धेला तास उरलेला. डोळ्यांत पाणी आणून सुधाताईंनी ते सगळं पसरट थाळ्यांत ओतलं, वाफवलं, आणि रागारागात वर मोहरी-मिरचीची फोडणी दिली. गोड, आंबट, जाळीदार असं काहीतरी तयार झालं. त्याला केक म्हणायची हिंमत मास्तरांनाही झाली नाही.

परीक्षक होत्या उंबरगावच्या जशुबेन. सुषमाच्या केकवर त्यांनी मान डोलावली. सुधाताईंच्या थाळीवर तर डोळेच मिटले.

"वाह! आ तो एकदम पोचां ढोकळां छे!" इतके मऊ ढोकळे त्यांनी उंबरगावातही खाल्ले नव्हते.

पहिला नंबर केकमध्ये सुषमालाच गेला. पण जशुबेननी हट्टाने पारंपरिक पदार्थाचं खास बक्षीस जाहीर केलं आणि सुधाताईंना माइकवर कृती विचारली. मागच्या खुर्चीवरून मास्तर अर्धे उठलेच. "माप माझं आहे! सगळं ग्रॅममध्ये!"

सुधाताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "खरंय. पदार्थ ह्यांचाच. मी नुसती वाफ दिली. बक्षीस ह्यांनाच द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर ताठ मानेने मंचावर चढले आणि वर गेल्यावर त्यांना बक्षीस दिसलं. महिला मंडळच ते! जशुबेननी त्यांच्या खांद्यावर डाळिंबी रंगाची जरीकाठी साडी पांघरली. मंडळातल्या दोघींनी त्यांच्या धोतराचा सोगा पसरून धरला आणि नारळ, तांदूळ, खण घालून रीतसर ओटी भरली.

पहिल्या रांगेतून सुषमा ओरडली, "भावोजी, निऱ्या किती ग्रॅमच्या काढणार?"

सुधाताई इतक्या हसल्या की पहिला नंबर कोणाचा होता ते त्यांना घरी पोचल्यावरच आठवलं.