अप्पांची हद्द

निलंग्याचे विश्वनाथअप्पा स्वतःच्या कमरेखालच्या भागाला ‘नवा जिल्हा’ म्हणायचे. वर उस्मानाबाद, खाली लातूर. कुणी तब्येत विचारली की म्हणायचे, “जिल्हा तर झालाय, आफिसं उघडायचीत अजून.”

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळातली गोष्ट. अप्पा किराणा दुकानदार. विहिरीला पाणी लागलं का बघायला वाकले आणि आत गेले. पाणी असतं तर नुसते भिजले असते, कोरडी होती म्हणून मणका गेला. मी शेळ्यांसाठी कडुलिंबाचा पाला तोडताना झाडावरून पडलो, माझाही मणका गेला. सरकारी दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी शेजारी.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आम्हाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. अप्पांच्या उशाशी गजराचं घड्याळ. गजर झाला की ओरडायचे, “कूस!” एकदा मला भेटायला आलेले सासरे बाकड्यावर लवंडले होते, त्यांनाही कूस बदलायला लावली.

दर सोमवारी पाठीचे डॉक्टर यायचे. टाचणी टोचत वरून खाली जायचे आणि जिथं कळायचं बंद होई तिथं निळ्या शाईची रेघ मारून वहीत लिहायचे. अप्पा तिला हद्द म्हणायचे. त्यांची हद्द मांडीवरून गुडघ्याखाली गेली. माझी मांडीवरच अडकली. काय सांगू, नुसता जळफळाट व्हायचा. त्यात पाणी मिळायचं तांब्याभर, आणि माझी बायको सुमन फडकं भिजवून आधी अप्पांचे पाय पुसायची. त्यांचं कोण हाय, म्हणायची. खरंच, त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. तरी मला राग.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं, मुंबईला मणक्याच्या मोठ्या दवाखान्यात एक खाट मिळतेय. नवे उपचार करतात, चालायला शिकवतात. पुढच्या सोमवारी ज्याची सुधारणा जास्त, तो जाईल. मी आठवडाभर देवाला एकच मागणं घातलं, म्हाताऱ्याची हद्द मागं सरकू दे.

सोमवारी टाचणी अप्पांच्या मांडीवर आली. अप्पा म्हणाले, “न्हाई.” गुडघ्यावर आली. “न्हाई.”

“गेल्या वेळी कळत होतं ना?”

“अंदाजानं व्हय म्हणत होतो साहेब.”

डॉक्टरांनी वहीत माझं नाव लिहिलं. मला इतका आनंद झाला की आता सांगायलाही लाज वाटते.

निघायच्या सकाळी सुमननं शेवटचे म्हणून अप्पांचे पाय पुसायला घेतले. अप्पा डोळे मिटून पडले होते. फडकं तळव्याला लागलं तसे म्हणाले, “लई गार हाय गं पोरी.”

सुमनचा हात थांबला. अप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. डॉक्टर बाहेर व्हरांड्यातच होते. एक हाक मारायची होती. मी मारली नाही.

गजर व्हायला अजून तासभर होता. तरी अप्पा हळूच म्हणाले, “कूस.”

सुमननं त्यांना भिंतीकडे वळवलं.