गेटपासून शंभर मीटर

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या सुखसमृद्धी गॅस्केट प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीच्या कामगारांनी संप पुकारला, तेव्हा शांतता व सुव्यवस्था धोक्यात येण्याची शक्यता निर्माण झाली. शक्यता निर्माण झाली की बंदोबस्त लागतो आणि बंदोबस्त लागला की मनाई आदेश निघतो. या आदेशात स्वच्छ म्हटले होते, की कंपनीच्या गेटपासून शंभर मीटरच्या आत कोणाही आंदोलकाने बसू, उभे राहू, घोषणा देऊ अथवा रेंगाळू नये. शंभर मीटर नजरेने कळत नाहीत, म्हणून रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ ओढायचे ठरले आणि ते काम हवालदार बद्रीनाथकडे आले.

ते दुसऱ्या कोणाकडे जाणे शक्यच नव्हते. परेडच्या मैदानावरच्या रेघा, पोलीस क्रीडा स्पर्धेतले कबड्डीचे अंगण, पाहुण्यांच्या हेलिकॉप्टरसाठीचा गोल, सगळे बद्रीनाथच्याच हातचे. मुठीतून फक्की सोडताना तो श्वास रोखून धरी आणि रेघ सुतासारखी उतरे. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला पदक मिळाले नव्हते, पण त्याची रेघ वाकडी म्हणणारा अधिकारी अजून जन्मायचा होता. रेघ सरळ असली की माणसेही सरळ वागतात, असे त्याचे प्रामाणिक मत होते.

रेघेपलीकडे सतरंजी टाकून जे कामगार बसले, त्यांत त्याचा मुलगा सुदर्शन होता. सुदर्शन कंपनीत शिकाऊ उमेदवार होता. तो शिकायला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होती. पुढे त्याचे लग्न झाले, रूपा नावाची मुलगी झाली, ती बालवाडीत जाऊ लागली, तरी कंपनीच्या मते त्याचे शिक्षण अजून पूर्ण झाले नव्हते. नवीन येणाऱ्या शिकाऊंना प्रेस मशीन तोच शिकवीत असे, ही गोष्ट वेगळी. शिकून झालेल्यांना कायम करा, एवढीच संपाची मागणी होती.

पहिल्याच संध्याकाळी रांजणगावातल्या घरी जेवताना बद्रीनाथने मुलाला समोर बसवले.

"तू बस, घोषणा दे, मला वाईट वाटायचं नाय. पण रेघ वलांडू नको. एकदा गुन्हा दाखल झाला, की ही कंपनी तर जाऊ दे, दुसरी कुठलीबी दारात उभं करायची नाय. मी पोलिसात हाय म्हणून सांगतो."

"आबा, तुमच्या हातची रेघ हाय," सुदर्शन म्हणाला. "तिच्यावर पाय कसा ठेवीन?"

बद्रीनाथला बरे वाटले. दिवसा दोघे एकमेकांना ओळख दाखवत नसत. बाप रेघेच्या अलीकडे काठी घेऊन उभा, लेक पलीकडे झेंडा घेऊन बसलेला. दुपारी बद्रीनाथची बायको द्वारकाबाई हिने एकाच फडक्यात बांधलेल्या भाकरी दोघे आपापल्या बाजूला खात. हा संप असाच गोडीगुलाबीने संपला असता. पण ऊन पडले.

मोतीराम हा कंपनीचा वॉचमन. तो बद्रीनाथच्याच घरामागच्या खोलीत भाड्याने राहत असे आणि त्याचा कोणाशी वाद नव्हता. संपामुळे कंपनीच्या लोखंडी गेटला साखळी घातली होती. त्या तापलेल्या लोखंडाजवळ बसून त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा त्याने आपली खुर्ची आणि आवक-जावक रजिस्टर उचलले आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसला. तेवढ्यात कंपनीचा एक ट्रक आला. ड्रायव्हरने सवयीने वॉचमनपाशी गाडी थांबवली, मोतीरामने सवयीने नोंद केली. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे.

मनुष्यबळ विभागाच्या श्रेया मॅडमनी हे वरच्या काचेतून पाहिले आणि लगेच पोलिसांना लेखी कळवले. जिथे गाड्या थांबतात, नोंद होते आणि पास तपासला जातो ते गेट. साखळी घातलेले लोखंड ही भिंत होय. सबब कंपनीचे गेट सध्या लिंबाखाली असून आंदोलक त्याच्या फार जवळ, बेकायदेशीरपणे बसलेले आहेत.

निरीक्षक साहेबांनी मनाई आदेश उलटसुलट वाचला. त्यात सगळे होते, फक्त गेट म्हणजे काय ते नव्हते. विधी सल्लागारांचे मत मागवले. ते दुसऱ्याच दिवशी आले, त्यावरूनच विषयाचे गांभीर्य लक्षात यावे. मत असे होते: गेट ही वस्तू नसून कार्य आहे.

बद्रीनाथने जुनी रेघ खराट्याने आणि पाण्याने पुसली, लिंबापासून टेप धरला आणि नवी ओढली. कामगारांनी सतरंजी उचलून मागे नेली. सुदर्शनने एक शंका विचारली. गेट जर लिंबाखाली आले असेल, तर जुन्या लोखंडी दारापाशी जाऊन बसायला हरकत नसावी. निरीक्षक साहेबांनी शंकेचे स्वागत केले आणि समजावून सांगितले, की परवानगी गेटसमोरच्या आंदोलनाची आहे. जिथे गेटच नाही तिथे गेटसमोर बसणार कसे?

मोतीरामला चहाची सवय होती. चौकातल्या हॉटेलात जाताना रजिस्टर सोडून जाऊ नये असा कंपनीचा नियम, म्हणून रजिस्टर त्याच्याबरोबर गेले. मागून ट्रकही गेला. गेट हॉटेलात आले. रेघ चौकाच्या पार पलीकडे गेली आणि सतरंजी एका गॅरेजच्या पाठीमागे. कंपनीने पुढे मोतीरामला मॅनेजरच्या केबिनमधली चाकाची खुर्ची दिली. नोकरी लागल्यापासून तो एक पंखा मागत होता. खुर्ची न मागता मिळाली. तो खुर्चीत बसे आणि कंपनी ठरवील तिकडे दोन माणसे ती लोटत नेत. बद्रीनाथ मागून टेप आणि फक्कीची पाटी घेऊन चाले.

कामगारांनाही उपाय सुचला. मोतीराम उन्हामुळे उठला ना, मग मूळ गेटवर सावली करू. त्यांनी ताडपत्री आणि बांबू जमवले आणि सुदर्शन रेघेपाशी येऊन निरीक्षक साहेबांना भेटला.

"सूचना चांगली आहे," साहेब म्हणाले. "पण ताडपत्री बांधायला तुम्हाला रेघ ओलांडावी लागेल."

"मग तुम्ही बांधा, साहेब."

"पोलिसांनी अशा वादात कोणाची बाजू घेणे योग्य नाही."

ताडपत्री जप्त झाली. इकडे शहरात मात्र समाधानाचे वातावरण होते. कंपनीपुढचा रस्ता मोकळा झाला, बसगाड्या वेळेवर पोचू लागल्या आणि सकाळी गाडीच्या काचेतून झेंडे, घोषणा असले काही दिसेनासे झाले. नागरिकांच्या निरनिराळ्या ग्रुपांवर पोलिसांच्या अभिनंदनाचे संदेश फिरले. पुष्कळांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली. आपणही टाकली होती.

आता मोतीराम कंटाळला. त्याला साप्ताहिक सुट्टी हवी होती. बदली वॉचमन द्यावा, तर तो संपावर होता. मोतीरामने श्रेया मॅडमपुढे हात जोडले, की एक दिवस घरी पडू द्या. मॅडम मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी सुट्टी मंजूर केली आणि घरी जाताना गेट सोबत घेऊन जाण्यास सांगितले. त्याच संध्याकाळी चाकाची खुर्ची टेम्पोतून रांजणगावात आली आणि बद्रीनाथच्या अंगणात उतरली. मागोमाग कंपनीचा माणूस आला आणि गेटच्या सुरक्षेसाठी अंगणातल्या पेरूच्या झाडावर कॅमेरा बसवून गेला.

द्वारकाबाई चुलीपाशी होती. नवरा अंगणात टेपचे टोक मोतीरामच्या खुर्चीला बांधताना दिसला, तशी ती बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

"बंदोबस्त हाय," बद्रीनाथ तिच्याकडे न बघता म्हणाला.

"आन पोरगं जेवायला कुठून यील?"

याचे उत्तर आदेशात नव्हते. मोतीराम खुर्चीतल्या खुर्चीत आकसून म्हणाला, "जमादार, मी उठून जातो की कुठं तरी." बद्रीनाथने त्याला बसवले. तो जिथे जाईल तिथे कोणाचे तरी घर असणारच होते, आणि आपल्या घरासाठी गेट दुसऱ्याच्या दारात ढकलणे बद्रीनाथला पटेना. शिवाय हुकूम होता. त्याने गल्लीच्या तोंडाशी रेघ ओढली. ती नेहमीसारखीच सरळ आली आणि तिच्याकडे पाहून त्याला पहिल्यांदाच लाज वाटली.

सुदर्शन आला आणि रेघेपाशी थांबला. गल्लीबाहेरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, जिथे एरवी शेळ्या चरत, तिथे सतरंजी पडली. आंदोलक तिथून सुखसमृद्धी गॅस्केटच्या व्यवस्थापनाविरुद्ध घोषणा देत आणि त्या सरळ बद्रीनाथच्या स्वयंपाकघरात ऐकू येत. द्वारकाबाई ताट घेऊन रेघेपर्यंत जाई. ताट पलीकडे देणे हा जमाव जमवणे आहे काय, यावर अभिप्राय मागवलेला होता आणि तो येईपर्यंत बद्रीनाथ पाठ करून उभा राही. सुट्टीचा एक दिवस उलटला, पण गेट हलले नाही. कंपनीला ही जागा मानवली होती.

दोन्ही बाजूंना जिने सगळ्यांत कमी समजून घेतले, ती रूपा. तिला रोज बाप दिसे आणि रोज कोणीतरी तिचा हात धरून ठेवी. एका संध्याकाळी आजीचा हात सुटला. पोरगी धावत गल्लीच्या तोंडाशी गेली, रेघेच्या अलीकडेच खडीवर आपटली आणि गुडघा फुटला. रक्त बघून तिने हंबरडा फोडला. रेघेवर बद्रीनाथ उभा होता, पण त्याच्या आधी सुदर्शन पोचला. त्याने लेकीला उचलले, छातीशी धरून घरापर्यंत नेले, तिच्या आईच्या हातात दिले आणि आला तसा परत जाऊन सतरंजीवर बसला. हे सगळे बद्रीनाथने पाहिले. मोतीरामने डोळे मिटून घेतले होते. पेरूवरच्या कॅमेऱ्याने पाहिले ते वेगळेच.

सकाळी श्रेया मॅडमनी चित्रफीत पाठवली: प्रतिबंधित क्षेत्रात आंदोलकाचा बेकायदा प्रवेश, लहान मुलाचा आडोसा घेऊन. निरीक्षक साहेबांनी बद्रीनाथला बसायला खुर्ची दिली, इतके ते हळवे झाले होते. ते म्हणाले, की पोर सोडली तर कॅमेऱ्यात रेघेपाशी दोघेच जण आहेत. एक तर एकाने रेघ ओलांडली, नाही तर दुसऱ्याने कर्तव्यात कसूर केली. काय लिहायचे ते हवालदारांनीच ठरवावे, आपला दबाव नाही.

बद्रीनाथ प्लॉटवर गेला. मुलापुढे उभ्याउभ्याच त्याने काय झाले ते सांगितले. निवृत्ती जवळ आली होती, घरात तोच एक कमावता उरला होता. हे त्याने बोलून दाखवले नाही, पण सुदर्शनला ते ठाऊक होते.

"लिहा, आबा," सुदर्शन म्हणाला. "तुमची तरी नोकरी कायम हाय."

बद्रीनाथने लिहिले. फिर्यादी आणि आरोपी यांच्या नात्याचा उल्लेख आला नाही, कारण नमुन्यात तो रकाना नव्हता. गुन्हा दाखल झाला तसे कंपनीने कळवले, की सुदर्शन बद्रीनाथ या शिकाऊ उमेदवाराने आपले शिक्षण अर्धवट सोडले आहे. ते वाचून बाकीच्यांनी सतरंजीची घडी घातली. संप शांततेत मिटला. मोतीरामला उत्कृष्ट गेट म्हणून प्रशस्तिपत्र मिळाले आणि चाकाची खुर्ची मॅनेजरच्या केबिनमध्ये परत गेली. सुदर्शन बायकोला आणि रूपाला घेऊन देवगाव रंगारीला चुलत्याच्या शेतावर गेला. जाताना तो बापाच्या पाया पडला, आणि बद्रीनाथला ते शिवी दिल्यापेक्षा जास्त लागले.

वाहतुकीला खोळंबा न करता संप हाताळल्याबद्दल शहराच्या वतीने पोलिसांचा सत्कार झाला. शाल बद्रीनाथलाही मिळाली. ही पद्धत नागरिकांना इतकी पसंत पडली, की आता सोसायट्या अर्ज करू लागल्या आहेत. वॉचमन प्रत्येकाकडे आहे, खुर्ची आहे, म्हणजे गेटही आहेच; आणि जवळ बसू नये अशी माणसे कोणाला कमी आहेत? भाजीच्या हातगाड्या, कामाच्या शोधात नाक्यावर उभे राहणारे, पगार थकला म्हणून बिल्डरच्या बंगल्यापुढे येणारे. यादी मोठी आहे आणि आपणच केलेली आहे.

आपल्या सोसायटीचा अर्ज गेल्या आठवड्यात मंजूर झाला. सकाळीच एक वयस्क हवालदार टेप आणि फक्कीची पाटी घेऊन आला. त्याने टेपचे टोक आपल्या वॉचमनच्या खुर्चीला बांधले, चारी बाजूंनी माप घेतले आणि मूठ भरून श्वास रोखला. मग काय वाटले कोण जाणे, तो थांबला.

"एक इचारू का साहेब?" तो म्हणाला. "तुमच्या घरचे समदे आत हाईत ना? एकदा बघून घ्या. मग वढतो."

आपल्याला ऑफिसला उशीर होत होता. आपण मागे वळून न बघताच सांगितले, हो, सगळे आत आहेत, ओढा.