परबकाकांची अबोली थंड हवेला जाते

मे लागला की मस्कतमधल्या आमच्या दार्सैतची माणसं गावाला पळतात, आणि परबकाका आपली अबोलीची कुंडी डोंगरावर थंड हवेला धाडतात. माझ्या गाडीतून!

काका माझ्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे कुडाळचे. त्यांची गाडी छोटी, आणि जबल अख्दर डोंगराच्या पायथ्याच्या चौकीवर पोलीस फोर-बाय-फोरशिवाय वर सोडत नाहीत. म्हणून मी. मागायला त्यांना लाज म्हणून नाही. दारात उभे राहून हुकूम, "शुक्रवारी गाडी होयी." मी "बघू, इन्शाल्ला" म्हटलं की खेकसतात, "इन्शाल्ला म्हणा नको, होय म्हण!"

त्या झाडाचे लाड म्हणजे अती झालं आणि हसू आलं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं. मग आम्ही गीझर बंद ठेवून त्यात निवलेल्या पाण्याने अंघोळ करतो. काका ते पाणी अबोलीला घालतात आणि स्वतः चटके सोसतात. गाडीत कुंडी पुढच्या सीटवर, पट्टा बांधून. एसीचा झोत तिच्याकडे. काका मागे, मी घामाघूम.

"काका, मीही जिवंत आहे हो!"

"तू गप गाडी हाक."

यंदा चौकीवरच्या पोलिसाने कुंडीकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? "मदाम," काका शांतपणे म्हणाले. पोलीस खो खो हसला. मीही हसलो.

खाली मस्कतमध्ये जीव काढणारं ऊन, आणि वर डाळिंबाच्या बागेत अंगावर काटा आणणारा वारा. तिथल्या बांगलादेशी माळ्याच्या ओट्यावर कुंडी ठेवून काका तिच्यासमोर उकिडवे बसले. हळूच म्हणाले, "गार लागता मां?"

"अहो, झाडाला काय विचारता?"

ते वळले नाहीत. काकीने हे रोप कुडाळहून आणलं होतं, म्हणाले. उन्हाने तिचं डोकं उठायचं. एकदा तरी वर न्या, म्हणायची. "येत्या मेत न्हेतंय, इन्शाल्ला. दर वर्षी ह्याच सांगलंय. बिल्डिंगीत चौघांकडे मोठी गाडी होती. मागूक लाज वाटली." मग कुंडीतली माती चाचपत, "आणि मगे ती रवली नाय."

मला त्यांचा भयंकर राग आला. मनात म्हटलं, अरे मेल्या, एक गाडी मागता आली नाही तुला?

परत निघालो तेव्हा पुढची सीट रिकामी होती. काका मागेच बसले. घाट उतरलो तशी गाडी तापली, म्हणून मी एसीचा झोत माझ्याकडे वळवायला हात नेला.

"रवांदे," मागून काका म्हणाले. "तिकडेच रवांदे."