सातव्या टाकीतले एक हात पाणी

जी गोष्ट बिनतक्रार चालू असते, तिच्यात सुधारणेला सर्वाधिक वाव असतो. बिघडलेले दुरुस्त करायला कोणीही सोम्यागोम्या पुढे येतो. चांगल्या चाललेल्याला हात घालायला मात्र धैर्य लागते, आणि एक समिती.

आमच्या अकरा गावांच्या पाणीयोजनेची टाकी-देखरेख सेवा पंधरा वर्षे अशीच चालू होती. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खोलीत एक संगणक होता (मूळ रंग पांढरा असावा) आणि त्याच्यासमोर निजामुद्दीन नावाचे ऑपरेटर. टाकीतला सेन्सर पाण्याची उंची कळवी, आणि पाणी अर्ध्या हाताखाली गेले की संगणक मोटार सुरू करी.

अपवाद फक्त टाकी क्रमांक सातचा. ही टाकी झरी जामणी तालुक्यातल्या एका तांड्यावर आहे. तिथला सेन्सर पहिल्याच वर्षी वानरांनी नेला. चौकशी झाली, वानरे हजर राहिली नाहीत. तेव्हापासून तांड्यातल्या रामीबाईच सेन्सरचे काम पाहत. रोज सकाळी त्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीवर खालून वर पळीने ठोकत जात. आवाज बदलला की पाणी तिथवर. मग निजामुद्दीनला फोन करून किती हात पाणी ते सांगत, एक हात कमी करून. सरकारकडे मागायचे तर थोडे आधीच मागावे, हा तांड्याचा जुना अनुभव.

निजामुद्दीन हे ओळखून होते. ते गुपचूप एक हात मिळवून आकडा भरत. पुढे रोजच्या बेरजेचा कंटाळा आला, तेव्हा मुलीकडून, अतियाकडून, त्यांनी संगणकातच नियम घालून घेतला: टाकी सात, जे येईल त्यात एक हात मिळवा. रामीबाईंनाही हे ठाऊक होते. पंधरा वर्षांत दोघांनी हा विषय काढला नाही. सभ्य माणसे असल्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत.

अशा सुरळीत कारभाराकडे वरचे लक्ष जाणारच. सेवा क्लाउडवर न्यायचे ठरले. मी समितीचा लेखनिक होतो, त्यामुळे न समजलेले सर्व काही मी स्वतः लिहून घेतले आहे. प्रोग्राम त्याच्या मीठमिरचीसकट एका डब्यात भरायचा, म्हणजे कुठेही उघडला तरी चव तीच. याला कंटेनर म्हणतात. हा डबा दूरच्या कुठल्याशा शहरातल्या संगणकांवर ठेवायचा. एक बंद पडला तर पंचाईत नको, म्हणून त्याच्या तीन प्रती करायच्या.

काम विक्रमी वेळेत झाले. एकूण नियम २१४, स्थलांतरित २१४, समजलेले ९. ‘एक हात मिळवा’ या नियमापाशी एक अभियंता थांबला आणि त्याने “का?” असे विचारले. हा प्रश्न कामाच्या व्याप्तीबाहेर असल्याचे त्याला नम्रपणे सांगण्यात आले. सातव्या टाकीवर नवा सेन्सर लागला. रामीबाईंची नोंद ‘कालबाह्य उपकरण (गुडघे दुखतात)’ अशी करून त्यांना प्रमाणपत्र दिले गेले. निजामुद्दीन यांना शाल, श्रीफळ आणि ब्लीचिंग पावडरच्या गोदामाची किल्ली मिळाली.

अशा रीतीने पंधरा वर्षांत प्रथमच यंत्रणेत सत्य शिरले.

मंगळवारी टाकी आटली. सेन्सरने प्रामाणिकपणे शून्य कळवले, डब्याने एक हात मिळवला, पडदा हिरवा राहिला. तिन्ही प्रतींचे यावर एकमत होते. शुक्रवारी रामीबाईंच्या नातीचे, राखीचे, लग्न होते आणि चारशे पाहुणे यायचे होते. रामीबाईंनी तक्रारीच्या क्रमांकावर फोन लावला. “आपल्या टाकीत एक हात पाणी आहे,” यंत्र म्हणाले. “समाधान झाले असल्यास एक दाबा. फार समाधान झाले असल्यास दोन दाबा.” त्यांनी अकरा वेळा फोन केला. दफ्तरी अकरा समाधानी ग्राहक नोंदले गेले. मला त्या नोंदी करताना वाईट वाटले, पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

गुरुवारी सकाळी त्यांनी गोदामात निजामुद्दीनना गाठले.

“निजामभाऊ, उद्या राखीचं लगन हाय अन् टाकी ठणठण वाजून राह्यली. थे मशीन मनते, एक हात पाणी हाय.”

“बाई, आकडा कमी करून सांगतला नाही का?”

“मले कोण इचारते आता? थे टाकीवरचं नवं डबडंच सांगते. अन् थे बिचारं खरं बोलून राह्यलं.”

“हेच तं लफडं झालं!” निजामुद्दीन म्हणाले. “त्याले खोटं बोलाले शिकवा लागते. पाइपाचा एक हात तुकडा कापा, टाकीच्या तोंडावर उभा करा, अन् सेन्सर त्याच्यावर बसवा. थे वरून खाली मोजते. एक हात वर गेलं का पाणी एक हात कमी दिसन.”

“हात कोनाचा धरू?”

“तुमचाच. पंधरा साल त्याच हाताचा हिसाब केला ना मी.”

दुखऱ्या गुडघ्यांनी रामीबाई शिडी चढल्या. सेन्सरने तत्काळ कळवले की पाणी टाकीच्या तळाच्याही एक हात खाली आहे. तिन्ही प्रतींना यात काही वावगे वाटले नाही. त्यांनी एक हात मिळवला, शून्य आले, मोटार सुरू झाली. शुक्रवारी चारशे पाहुण्यांनी पोटभर पाणी पिऊन स्वयंपाकाला नावे ठेवली.

पुढे समितीने पाहणी केली. तो पाइप तिला इतका आवडला की उरलेल्या दहा टाक्यांवरही तो बसवला गेला. तिथे मिळवायचा नियम नाही, त्यामुळे भरलेली टाकीही एक हात रिकामी दिसते, मोटार थांबत नाही आणि सध्या रस्त्यांवरून पाणी वाहते. समाधान शंभर टक्के आहे.

वाचक हसत असतील, तर हसोत बापडे. फक्त आज एक करून पाहा. घरी फोन करून “पाच मिनिटांत येतो” म्हणा, आणि खरोखरच पाच मिनिटांत पोचा. मग बंद दारासमोर उभे राहून, आजवर तुमच्या शब्दात घरचे किती मिळवत आले आहेत, ते मोजा.