बटणाची शिकवणी

कुत्र्याचं पिल्लू मुलीला हवं होतं, बायकोला नको होतं, आणि मी ‘बघू’ म्हणालो. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो हे मुलीलाही ठाऊक आहे. पण छापखान्यातल्या आमच्या बाइंडरला ठाऊक नव्हतं. ‘पिल्लू हवंय का’ असं त्याने विचारल्यावर त्यालाही मी ‘बघू’ म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुठ्ठ्याचं एक खोकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. खोक्यात काळ्या नाकाचं, मुठीएवढं पिल्लू होतं. मुलीने त्याच संध्याकाळी त्याचं नाव बटण ठेवलं.

बटणाने घरात पाऊल ठेवलं आणि लगेच पायपुसणं ओलं केलं. मग स्वयंपाकघराचा कोपरा, मग माझी चप्पल (डावी, आणि थोड्या वेळाने उजवी).

बायकोने फडकं पिळता पिळता फैसला सुनावला, “पुढच्या रविवारी आई येतेय. तोवर हा शिकला तर राहील. तिच्या देखत घरात एक थेंब जरी सांडला, तर खोक्यासकट परत.”

मुलीचे डोळे भरून आले. मी छाती पुढे काढून म्हणालो, “शिकवणं माझ्याकडे लागलं.”

मी छापखान्यात प्रूफं तपासतो. कुठलंही काम आधी पुस्तक वाचून करावं अशी माझी श्रद्धा आहे. म्हणून ‘पिल्लाची पहिली शिकवणी’ नावाचं पुस्तक आणलं आणि एका बैठकीत वाचून काढलं. त्यात मला सतरा चुका सापडल्या. त्या लाल पेनाने दुरुस्तही केल्या. मजकुरातलं मात्र एवढंच लक्षात राहिलं की खाली कागद पसरावा, पिल्लाने त्यावर उरकलं की ‘शाब्बास’ म्हणावं आणि बिस्किट द्यावं. (वीस वर्षं मी अक्षरं बघायचा पगार घेतोय. अर्थ बघायचा वेगळा मिळत नाही.)

कागदांना आमच्याकडे काय तोटा! रद्दीत निघालेली प्रूफं आणून मी घरभर अंथरली. बटण हुशार निघाला. तीन दिवसांत तो कागद शोधून, त्याच्या बरोबर मधोमध बसून कार्यक्रम उरकू लागला. आम्ही तिघंही टाळ्या वाजवून ‘शाब्बास’ म्हणायचो. हो, बायकोसुद्धा. फक्त ती टाळ्या हळू वाजवायची.

शुक्रवारी त्याला बागेत नेला. तासभर हिंडला, सगळी झाडं हुंगली, पण एक थेंब नाही. घरी आल्यावर मात्र बाणासारखा कागदावर. शनिवारी मी प्रूफच बागेत नेलं आणि गवतावर अंथरलं. बाकावरच्या आजोबांनी सरकून जागा केली.

“खाली कशाला बसता? या की बाकावर.”

“माझ्यासाठी नाही, ह्याच्यासाठी आहे.”

आजोबांनी बटणाकडे बघितलं, मग कागदाकडे. “वाचतो?”

“नाही हो. त्यावर... उरकतो.”

“गवत असताना?” एवढं बोलून आजोबा दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

रविवारी सासूबाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या आठवणींचं पुस्तक आमच्याच छापखान्यात होतंय आणि त्याची प्रूफं तपासायलाच त्या आठ दिवस राहणार होत्या. घर नीटनेटकं दिसावं म्हणून मी पहाटेच सगळे कागद उचलले होते. बटणाला बागेतही नेऊन आणलं होतं, फक्त गडबडीत त्याचा कागद घरी राहिला होता.

चहा होईपर्यंत बटण खोलीभर येरझारा घालत होता. कागद कुठेच नाही. बिचारा माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे बघून हसायचो. तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा लावला, पिशवी उघडली आणि पेनाने दुरुस्त्या केलेली पानं ओळीने जमिनीवर मांडली.

बटणाच्या चेहऱ्यावर जी कृतज्ञता दिसली, ती मी आजवर माणसांतही पाहिली नाही. तो चालत गेला, सातवं प्रकरण निवडून त्याच्या बरोबर मधोमध बसला.

मी सवयीने टाळ्या वाजवल्या. “शाब्बास,” असंही म्हणून गेलो.

बायकोने माळ्यावरचं खोकं काढलं. मुलगी बटणाला पोटाशी धरून हुंदके देऊ लागली. खरं सांगतो, आठ दिवसांत त्या गाढवाने मलाही लळा लावला होता.

“थांब गं,” सासूबाई म्हणाल्या. “ह्याला शिकवलं कोणी?”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. बटणानेही.

“मीच. पुस्तक वाचून,” मी म्हणालो.

“आणा बघू ते पुस्तक.”

त्यांनी दहा मिनिटं पुस्तक चाळलं आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं. कागद रोज थोडा दाराकडे सरकवावा, मग दाराबाहेर, मग झाडाखाली न्यावा आणि शेवटी काढून घ्यावा. त्या परिच्छेदात मी लाल पेनाने एक स्वल्पविराम घातला होता.

“पोराला शिकवलं तेच त्याने केलं,” सासूबाई म्हणाल्या. “खोकं ठेव वर. आणि जावईबापू, सातव्या प्रकरणात तुमच्याबद्दल दोन चांगल्या ओळी कालच हाताने लिहिल्या होत्या. त्या गेल्या. आता पुन्हा लिहायच्या की नाही, ते विचार करून ठरवीन.”

त्यांनी त्याच दिवशी तक्ता आखून फ्रिजवर लावला. कागद सरकत सरकत दाराबाहेर गेला आणि आठव्या दिवशी बटणाने झाडाखाली, नुसत्या मातीवर, शहाण्यासारखं उरकलं. आता तो कायमचा आमचा. मुलगी त्याला घेऊन घरभर नाचली आणि बायकोने, पहिल्यांदाच, टाळ्या जोरात वाजवल्या.

सासूबाईंनी मात्र मुक्काम वाढवलाय. तक्त्यात आता दुसरा रकाना आहे, त्यात ओला टॉवेल, चपला आणि चहाचा कप अशा नोंदी असतात. तो बटणाचा नाही.

काल मी टॉवेल पलंगाऐवजी दोरीवर टाकला. सासूबाई ‘शाब्बास’ म्हणाल्या आणि हातावर बिस्किट ठेवलं. मी खाल्लं. ते बटणाच्या डब्यातलं होतं हे नंतर कळलं, पण तोवर मी दुसऱ्या बिस्किटासाठी चपलाही जागेवर लावून आलो होतो.