रविवारी न विकलेली गाडी

हार्लन डायकेमाने अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला काही नाकारलं नव्हतं. फक्त हिरव्या गाडीतून तिला कुठे नेलं नव्हतं. गाडी एकोणीसशे सहासष्ट सालची, चार दारांची, आत दुधासारख्या पांढऱ्या सीट आणि बॉनेटखाली शर्यतीत पळवावं असं इंजिन. पावसात ती बाहेर पडायची नाही, बर्फात तर नाहीच, आणि मिशिगनमध्ये हे दोन्ही वगळल्यावर दिवस उरतात किती! उरलेल्या दिवसांत हार्लन ती पुसायचा.

शेवटी मार्लिसने निर्वाणीचं सांगितलं, "सत्तरी उलटली माझी. उत्तरेचा मोठा पूल ओलांडून पलीकडचं सरोवर बघायचंय मला. ही गाडी वीक आणि आत झोपायची सोय असलेली एक छोटी कॅम्पर घे. नाहीतर मी एकटी बसने जाते, आणि परत यायचं की नाही ते तिकडे गेल्यावर ठरवते."

हार्लनने दोन दिवस शोक पाळला आणि जाहिरात दिली. मंगळवारी शिकागोहून रोलंड प्रुइट नावाच्या जुन्या गाड्यांच्या संग्राहकाचा फोन आला. "शनिवारी मला मेळावा आहे, त्यानंतर लगेच येतो." हार्लन खूश झाला. त्याच्या गावात रविवारी कोणी अंगणातलं गवतसुद्धा कापत नसे, व्यवहार तर दूरच. शनिवारनंतर लगेच म्हणजे सोमवार, याबद्दल त्याच्या मनात शंकाच आली नाही.

रविवारी चर्चहून येऊन तो कोट काढतोय तोच प्रुइट दारात हजर!

"डायकेमा ना? चला, गाडी दाखवा!"

हार्लनच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या ओसरीवर अल्विन बूर्स्मा बसला होता. अल्विन त्याचा बालमित्र, पण चर्चच्या पंचांपैकीही एक. गेल्या उन्हाळ्यात रविवारी मक्याची कणसं विकली म्हणून त्याने एका म्हाताऱ्या बाईला तासभर उपदेश पाजला होता.

"हळू बोला हो," हार्लन कुजबुजला. "आज नाही विकता येत. रविवार आहे."

"मग मी तीन तास गाडी हाकत आलो कशाला?"

"जेवायला," आतून मार्लिस म्हणाली. "या, पान वाढलंय."

तेवढ्यात रस्ता ओलांडून अल्विन आलाच. "पाहुणे कोण?"

"शिकागोचे. आपले... जुने ओळखीचे."

"कधीपासूनचे?"

"मंगळवारपासूनचे," प्रुइट म्हणाला. तो बिचारा सरळ माणूस होता.

मार्लिसने घाईघाईने अल्विनचंही ताट मांडलं. बीफचा रोस्ट होता, उकडलेले बटाटे होते, वाडगाभर ग्रेव्ही होती. प्रुइटचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं.

"डायकेमा, एकदाच सांगून टाका. किती?"

"बटाटे? घ्या की! हवे तेवढे घ्या."

"अहो, मी गाडीचं—"

"गाडीला रस्ता नीट सापडला ना? बरं झालं. अजून दोन बटाटे घ्या."

पाच बटाटे पोटात गेल्यावर प्रुइट गप्प बसला. पण आता अल्विनला कंठ फुटला. "हार्लन, पाहुण्यांना आपल्या इथल्या सरोवरावर ने की. वाटेत राहणाऱ्या टेनाआजीला मार्लिसने भाजलेली चेरीची पाईही पोचती करू. आणि तुझी ती व्हॅन नको, तिच्यात कंबर धरते माझी. हिरवी काढ."

नकार द्यावा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगावं तर रविवार मोडणार. हार्लनने किल्ली काढली.

"मी चालवू का?" प्रुइटने विचारलं. "पाहुणा म्हणून."

"चालवू दे रे," अल्विन म्हणाला. "पाहुण्याचं मन कशाला मोडतोस?"

मार्लिस पुढे बसली. मागे अल्विन आणि हार्लन, हार्लनच्या मांडीवर गरमागरम पाईची ताटली. ब्लूबेरीच्या मळ्यांमधून सरळसोट रस्ता लागला. "जरा बघतो हं," म्हणत प्रुइटने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. इंजिनने डरकाळी फोडली, गाडी उसळली, आणि चेरीची पाई ताटलीतून उठून हार्लनच्या शर्टावर, मागच्या सीटवर आणि छतावर गेली.

"थांबवा!" हार्लन किंचाळला.

"अजून!" मार्लिस त्याच्याहून मोठ्याने किंचाळली.

"अजून!" अल्विन ओरडला. त्याच्या भुवईवर एक चेरी होती.

प्रुइटने गाडी कडेला घेतली, मागे वळून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "संपलं. मला अगदी कोरी गाडी लागते. हे डाग जन्मात जायचे नाहीत. माफ करा, सौदा रद्द."

अल्विनने भुवईवरची चेरी काढून तोंडात टाकली. "सौदा? आज?"

"अल्विन, मी अवाक्षर काढलं नाही," हार्लन रडवेला होऊन म्हणाला.

"ते खरंय. बटाट्यांपलीकडे तू काही बोलल्याचं मी ऐकलं नाही."

उरलेला रोस्ट डब्यात घेऊन प्रुइट शिकागोला परतला. हार्लन डागांकडे नुसता बघत उभा राहिला, कारण घासणं हेही कामच. तेवढ्यात अल्विन हळूच जवळ आला.

"हार्लन, समज, आज सोमवार असता, तर तू किती मागितले असतेस?"

"अल्विन! तू पंच आहेस!"

"मी कुठे विचारतोय? मी नुसतं समजतोय."

हार्लनला एकदम हलकं वाटलं. अल्विनने घेतली तर गाडी समोरच्याच घरात राहणार, रोज नजरेला पडणार, मार्लिसला कॅम्परही मिळणार. त्याला त्या रात्री छान झोप लागली.

सोमवारी सकाळी सहाला अल्विन ठेवणीतली टोपी घालून, खिशात चेकबुक ठेवून रस्ता ओलांडून आला. गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि इंजिन घुमत होतं. स्टिअरिंगवर मार्लिस होती, डोक्याला लाल रुमाल बांधून. शेजारी हार्लन सँडविचची पिशवी छातीशी धरून, डोळे गच्च मिटून बसला होता.

"मार्लिस, अगं, ही गाडी मी घेणार होतो!"

"आता विकायची नाही. डाग पडलेल्या गाडीला जपायचं कशाला? पुलाकडे निघालोय आम्ही."

"पण काल मी हार्लनला विचारलं होतं!"

"काल तू विचारत कुठे होतास, अल्विन? नुसतं समजत होतास."

"हार्लन, तू तरी बोल काहीतरी!"

हार्लनने एक डोळा किलकिला केला. "अल्विन," तो म्हणाला, "तू पंच आहेस ना? मग आमच्यासाठी प्रार्थना कर."

आणि मार्लिसने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.